टीव्ही नाही, स्विमिंग पूल नाही, मग पैसे कशाचे?

वेंगुर्ल्याकडच्या एका होमस्टेत राहून आल्यापासून सांगलीत भेटेल तो हेच विचारतोय. "एका रात्रीला आठ हजार? आणि खोलीत टीव्हीसुद्धा नाही?" नाही बाबांनो. लगेच पुढे गोव्याचा हिशेब येतो, तेवढ्यात तिकडे स्विमिंग पूल, बुफे, रात्री डीजे सगळं बसतं म्हणे. बसत असेल. मग तिकडेच जावं, आजरा-आंबोलीवरून सावंतवाडीपर्यंत रस्ता तोच आहे.

आम्ही राहिलो ते चिऱ्याचं जुनं घर. मंगलोरी कौलं, मोजक्या खोल्या, पुढं सारवलेलं खळं म्हणजे अंगण, मागं माड आणि काजू. गादी उत्तम, न्हाणीघर लखलखीत, चादरी उन्हात वाळलेल्या. सकाळी घावणे आणि नारळाचा रस. दुपारी काय जेवायचं ते आपण ठरवायचं नाही, रापणीनं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यानं ठरवायचं. "आज सुरमई गावाक नाय, बांगडो चलात?" असं घरच्या काकी विचारतात, आणि मग तिरफळं घातलेलं तिखलं, म्हणजे माशाचं तिखट कालवण येतं. ओल्या काजूगरांची उसळ तर मी मटणाच्या वर ठेवतो. (तासगावच्या पाहुण्यांसमोर हे वाक्य मी बोलणार नाही.) ताजा मासा, झाडाखालची सावली आणि रात्री लाटांशिवाय दुसरा आवाज नाही, याला मी आठ हजार देतो. खुशीनं देतो.

ही शांतता आपोआप टिकलेली नाही. १९९१ च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनं ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला लगाम घातला. तो नसता तर भोगवे, निवती, कोंडुऱ्याला आज सुरूच्या बनाऐवजी लॉजच्या पाण्याच्या टाक्या मोजत बसलो असतो. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी ही मर्यादा ५० मीटरवर आणली, ते मला अजिबात पटलेलं नाही. दुसरं कारण म्हणजे उशीर. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पण तिथल्या चिपी विमानतळावर प्रवासी विमान उतरायला २०२१ उजाडलं. माझ्या मते हा उशीर किनाऱ्याच्या पथ्यावर पडला. हे मी तिथं बोललो तेव्हा घरातला तरुण मुलगा फाडकन म्हणाला, "तुमका बरा वाटता, आमका मुंबैक जावचा लागला." त्याचं खरं आहे. निसर्ग जपायचा आणि पोरांनी गाव सोडायचं, हा सौदा आपण घाटावर बसून करू नये.

म्हणूनच पैसे कुणाच्या हातात पडतात हे मी बघतो. अलीकडं बाहेरची मंडळी येऊन जमीन घेतात, कौलारू व्हिला बांधतात, ओबडधोबड लाकडी बाकडं ठेवून त्याला साधेपणा म्हणतात आणि समुद्राकडं जाणाऱ्या गावाच्या वाटेवर तारेचं कुंपण घालतात. भाडं दुप्पट, जेवण करणारी बाई मात्र गावचीच, पगारावर. तिथं मी राहणार नाही. तिच्याच घरात चार खोल्या नीट होऊन त्याचं भाडं तिला मिळत असेल, तर एसीचा खडखडाटही चालवून घेईन.

रात्री अंगणात मिणमिणता दिवा असतो, त्यालाही आपली माणसं कंजूसपणा म्हणतात. अहो, वायंगणीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं रात्री बाहेर पडली की उजळ क्षितिजाच्या दिशेनं समुद्र शोधतात. किनाऱ्यावर हॅलोजन लावला की ती उलटी, जमिनीकडं चालायला लागतात. तेव्हा फोटोसाठी फोकस मारणाऱ्यांना तिथले कासवमित्र ओरडले, तर तोंड पाडून घेऊ नका.

"पण तिथं दिवसभर करायचं काय?" हा आणखी एक लाडका प्रश्न. शिरोड्याला जा. १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ती मिठागरं बघा. आपल्या सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर १९२० मध्ये तिथल्या शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत राहिले. सांगलीकर तिथं अठरा वर्षं रमला, तुम्हाला शनिवार-रविवार जड जातोय होय? वेंगुर्ल्यात डचांच्या वखारीचे अवशेष आहेत, तेही बघा. नाहीतर काही बघू नका, खळ्यात पाय पसरून झोपा.

जाणार असाल तर दोन गोष्टी. भाडं फोनवरच ठरवा आणि तिथं गेल्यावर घासाघीस करू नका. उसाच्या बिलासाठी आपण किती तळमळतो ते आठवा. आणि जून-जुलैत गेलात तर सुरमईचा हट्ट नको, ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी आणि भाजलेला सुका बांगडा मागा. भात जरा जास्तच लावायला सांगा.