हद्दीपासून सुरू होणारी वाट

ठाणे आणि नवी मुंबई यांना जोडणारी खाडीकाठची सलग पायवाट असावी की नसावी, या आमच्या मित्रमंडळींतल्या वादात तिच्या बाजूचे लोक हमखास कॅलिफोर्नियाचा दाखला देतात आणि साक्षीदार म्हणून मला पुढे करतात. मी सनीवेलला राहतो, स्टीव्हन्स क्रीकच्या पायवाटेने सायकलवरून जातो, त्यामुळे साक्ष द्यायला माझी हरकत नाही; मात्र ती त्यांना हवी तशी निघणार नाही.

स्टीव्हन्स क्रीक हा सांताक्रूझच्या डोंगरांतून उतरून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला मिळणारा ओढा. माउंटन व्ह्यू शहराने आपल्या हद्दीतली वाट टप्प्याटप्प्याने सुमारे आठ किलोमीटर नेली, वरच्या अंगाला क्युपर्टिनोने आपला तुकडा बांधला, आणि मधल्या सनीवेल-लॉस अल्टोसच्या सीमेवर घोडे पेंड खाऊ लागले. चारही शहरांनी मिळून व्यवहार्यता अभ्यास करवला, नागरिकांचा गट नेमला, २०१५ मध्ये अहवालही हाती आला. तरी ही वाट अजून सलग झालेली नाही. ज्यांची परसदारे ओढ्याला लागून आहेत त्यांना चोरीची आणि वर्दळीची धास्ती वाटते, एका बाजूला महामार्ग आहे, ओढ्याकाठची बरीच जमीन जलव्यवस्थापन पाहणाऱ्या वेगळ्याच संस्थेकडे आहे. ‘परदेशात असे वाद होत नाहीत’ असे म्हणणाऱ्यांनी इथल्या नगरसभेत एक संध्याकाळ बसून पाहावे.

घेण्यासारखे आहे ते दुसरीकडे. उपसागराला वळसा घालणाऱ्या ‘बे ट्रेल’ची कल्पना १९८७ च्या राज्य कायद्याने मान्य झाली आणि १९८९ मध्ये प्रादेशिक संस्थेने तिचा एकच आराखडा केला. नियोजित लांबी सुमारे ८०० किलोमीटर, वाटेत नऊ काउंट्या आणि ४७ शहरे. बांधकाम ज्याचे त्याने करायचे, पण मार्ग कुठून जाईल हे सर्वांसाठी एकाच नकाशावर ठरलेले. साडेतीन दशकांत तिची निम्म्याहून बरीच अधिक लांबी पुरी झाली आहे, आणि हा वेग फार नाही हेही सांगितले पाहिजे.

ठाण्याची खाडी मात्र ओढा नव्हे. तिथे दिवसातून दोनदा भरती येते आणि उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढते. काठावर तिवरांचे रान आहे. खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. कांदळवनांची तोड आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातले बांधकाम यांना मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच मनाई केली. ते वर्ष २६ जुलैच्या पुराचेही होते, आणि पाणी पसरायला जागा उरली नाही म्हणजे काय होते, हे ठाणेकरांना वेगळे सांगायला नको. म्हणून भराव टाकून, काँक्रीटचा कठडा उभारून, दिव्यांच्या माळा लावून केलेल्या ‘चौपाटी’ला माझा ठाम विरोध आहे. तिवरांच्या मागून, आधीच पक्क्या झालेल्या जमिनीवरून जाणारी आणि मोजक्याच ठिकाणी खांबांवरच्या फळ्यांनी पाण्यापर्यंत पोहोचणारी वाट मला चालेल.

दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. स्टीव्हन्स क्रीकच्या काठावर पोट असलेले कोणी नाही. ठाण्याच्या चेंदणीपासून ऐरोलीजवळच्या दिव्यापर्यंत आणि पुढे वाशी-दिवाळ्यापर्यंत कोळीवाडे आहेत. होड्या लावायला, जाळी सुकवायला, पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवायला त्यांना हाच काठ लागतो, आणि ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या व निवट्या धरणाऱ्यांचे वेळापत्रक फिरायला येणाऱ्यांच्या सोयीने ठरत नाही. आपल्याकडे अशा लोकांना आराखडा छापून झाल्यावर ‘हरकती व सूचना’ पाठवायला सांगतात. नकाशावर पहिली रेघ ओढण्याआधी त्यांच्या उतरण्याच्या जागा त्यावर लिहिल्या गेल्या पाहिजेत, आणि त्या जागी वाटेनेच वळसा घ्यावा.

दोन महापालिका, सिडको आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष यांनी एकत्र बसायचे ठरवलेच, तर माझी सूचना एवढीच की काम हद्दीपासून सुरू करावे. स्टीव्हन्स क्रीकवर शहरांनी आपापला सोपा तुकडा आधी केला, फिती कापल्या, आणि अवघड जोड मागे राहिला. विटावा ते ऐरोली हा ठाण्यातून नवी मुंबईत शिरणारा टप्पा दोघांनी मिळून, निम्म्या-निम्म्या खर्चाने पहिला करावा. त्यावर एकमत होत नसेल तर कोपरीला किंवा वाशीला सुशोभीकरणाची निविदाही काढू नये.