‘ग्रामसभेला जाऊन काय होतंय?’

राष्ट्रीय सण जवळ आला की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडे बदलतात, सूर तोच: ग्रामसभा हा निव्वळ देखावा. सगळं आधीच ठरलेलं असतं, ग्रामसभेला अधिकार काही नाहीत, हिवरे बाजारसारखी आदर्श गावं अपवाद आहेत, आणि तोंड उघडलं की वैर पदरात. तेव्हा घरी बसा. खाली अंगठ्यांची रांग.

यातलं निम्मं खरं आहे, म्हणून तर उत्तर द्यावंसं वाटलं.

‘सगळं आधीच ठरलेलं असतं.’ असतं बऱ्याचदा. पण ते खपून जातं कसं? कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, असतो मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढा. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं. साध्या साखरपुड्याच्या पंगतीला याहून जास्त उठतात. ती जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. मग दहा-बारा जण बसतात, कोणी सूचक, कोणी अनुमोदक, ठराव मंजूर. सगळं नियमात बसणारं. ज्यांना आधी ठरवून ठेवायचं असतं त्यांना आपल्याला गप्प करावं लागत नाही, आपण आलो नाही एवढंच पुरतं. हा मेसेज त्यांच्यापैकीच कोणी लिहिला असेल असं मी म्हणत नाही, पण त्यांच्या कामाचा आहे खरा.

त्याच नियमांत एक कुलूपही आहे: तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही. म्हणून फळ्यावरच्या पहिल्या नोटिशीचा, विषयपत्रिकेसकट, फोटो काढून ठेवावा. पुढे इतिवृत्तात भलताच विषय घुसलेला दिसला तर हातात काहीतरी असतं.

‘अधिकार काही नाहीत.’ हे मात्र सरळ चूक. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा सक्तीच्या केल्या आहेत, आणि नियमित सभेआधी महिलांची वेगळी सभा. सरकारी योजनांच्या लाभार्थ्यांची निवड ग्रामसभेतून व्हायची असते. वित्त आयोगाच्या पैशाचा गाव विकास आराखडा ग्रामसभेपुढे यावा लागतो, आणि तो ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही मोबाइलवर पाहता येतो. गटाराचा खर्च तिथे वाचायचा आणि मग ते गटार जागेवर आहे का ते बघून यायचं. याला वकील लागत नाही.

गावकऱ्यांच्या मताला खरी धार कुठे आहे ते बघायचं तर बाटलीचं मतदान बघा. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर २५ टक्के महिला मतदारांनी (किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्के जणांनी) सहीनिशी मागणी करायची. मग गुप्त मतदान होतं, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद. मात्र ही निम्मी मतं झालेल्या मतदानाची नव्हेत, यादीतल्या एकूण मतदारांची. म्हणजे जी बाई त्या दिवशी शेतावर गेली, माहेरी गेली किंवा ‘काय होतंय’ म्हणून घरी राहिली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या पदरात. घरी बसण्याची किंमत इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठे मोजली जात नाही.

‘अपवाद आहेत.’ आहेत. पण गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क) मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले, त्याच्या मागे कित्येक वर्षांचे अभ्यासगट आणि सर्वसहमती होईपर्यंत चालणाऱ्या बैठका होत्या. हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली जातात, तेही ग्रामसभेतच. यात चमत्कार कमी, बैठक मोडून बसणं जास्त.

‘वैर पदरात पडतं.’ याला माझ्याकडे चटपटीत उत्तर नाही. ज्याचं घरकुल यादीत अडकलंय, ज्याची वस्ती गावकुसाबाहेर आहे, त्याला ‘उठा, प्रश्न विचारा’ असं सांगणं मला तरी सोपं वाटत नाही. एकट्याने उभं राहणं टाळावं. चार-पाच जणांच्या सहीने सभेच्या आधी लेखी विषय द्यावा, बायकांनी आपला मुद्दा महिला सभेतच नोंदवून घ्यावा. कागदाशी भांडायला माणसाशी भांडण्याइतकी छाती लागत नाही. सभेनंतर ठरावाची नक्कल मागावी. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

आणि अर्ज कुठलाही असो, दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर सही-शिक्क्याची पोच घ्यायची. ती विसरलात तर पुढच्या सभेत ‘असा अर्ज आलाच नव्हता’ हे ऐकायची तयारी ठेवा.