हायब्रिडचा हिशेब लिटरमध्ये मांडू: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचून राग आला, दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन बसलो.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. हायब्रिडसाठी, म्हणजे पेट्रोल एंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेल्या गाडीसाठी, मोजलेले जादा पैसे इंधनातून बहुतेकांचे वसूल होत नाहीत, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात की तुम्ही तीन वर्षं हायब्रिड चालवताय आणि ती २२ चं अ‍ॅव्हरेज देते. गाडी विकताना येणारा भाव मी धरलाच नाही आणि क्लच-ब्रेकचा वाचणारा खर्चही विसरलो. शिवाय, ‘सनरूफचे पैसे कधी वसूल होणार असं कुणी विचारतं का? मग हायब्रिडलाच का?’ आणि जाता जाता एक टोला, घरी बसून गणितं करण्यापेक्षा गाडी चालवून बघा.

चालवली आहे हो. मेहुण्यांची हायब्रिड पंधरा दिवस माझ्याकडे होती. टाकी फुल केल्यापासून पुन्हा फुल करेपर्यंत हिशेब ठेवला. गाडीच्या पडद्यावर २१.८ दिसत होतं, पंपावरच्या आकड्यांवरून निघालं २०.३. तुमचं २२ पडद्यावरचं की टाकीचं, एवढं सांगा. मी खोटं ठरवायला बघत नाहीये, पण पडदा बहुतेक गाड्यांत थोडा उदार असतो.

आता मुद्द्याचं. पेट्रोलचा भाव जागोजागी वेगळा आणि दर महिन्याला हलणारा, म्हणून पैसे बाजूला ठेवून सगळा हिशेब लिटरमध्ये करू. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक भागिले तुमच्याकडचा पेट्रोलचा भाव, म्हणजे तुम्ही हायब्रिड घेताना एकरकमी किती लिटर आगाऊ विकत घेतलेत ते कळतं. समजा ते ३,००० लिटर आलं. तुमचं रनिंग वर्षाला १२,००० किलोमीटर, सगळं शहरातलं. साधी पेट्रोल गाडी गर्दीत १२ देते, म्हणजे १,००० लिटर लागलं. हायब्रिड २० देते, म्हणजे ६००. वर्षाला ४०० लिटर वाचलं, साडेसात वर्षांत फिटंफाट.

तेवढंच रनिंग हायवेवर असेल तर साधी गाडीही १६ देते. तिला ७५० लिटर लागतं, हायब्रिडला तेच ६००. बचत १५० लिटरची आणि वसुलीला वीस वर्षं. एवढी वर्षं एक गाडी कोण ठेवतं?

हा फरक कशामुळे पडतो हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. १,४०० किलोची गाडी ताशी ५० च्या वेगाने चालली आहे आणि समोर सिग्नल लाल झाला. साध्या गाडीत तुम्ही ब्रेक दाबता आणि तो सगळा वेग ब्रेक पॅडवर उष्णता होऊन उडून जातो. तो वेग आणायला एंजिनने साधारण १५ मिलिलिटर पेट्रोल जाळलेलं असतं. म्हणजे दर सिग्नलला एक मोठा चमचा पेट्रोल रस्त्यावर ओतल्यासारखंच. हायब्रिडमध्ये ब्रेक हलक्या पायाने दाबला तर मोटर उलटी जनरेटर होते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत परत टाकते. जोरात दाबलात तर पॅड मध्ये पडतात आणि चमचा सांडतोच. त्यात उभ्या गाडीचं एंजिन बंद राहतं ते वेगळं. साधं एंजिन नुसतं गुरगुरत राहिलं तरी तासाला पाऊण-एक लिटर पितं. हायवेवर ना सिग्नल ना थांबणं, मग वाचवायचं काय? थोडं वाचतं ते अ‍ॅटकिन्सन पद्धतीच्या एंजिनमुळे. जेम्स अ‍ॅटकिन्सनची ही कल्पना १८८२ ची, एंजिन काटकसरी पण सुरुवातीच्या ओढीला मंद. ती उणीव मोटर भरून काढते म्हणून आता ती गाडीत चालते. १९९७ च्या पहिल्या प्रियसपासून टोयोटाने हीच जोडी लावली.

तुमच्या २२ च्या अभिमानाबद्दलही थोडं बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. किलोमीटर-प्रति-लिटर हा आकडा फसवा आहे. १२ वरून २० वर गेलात तर वर्षाला ४०० लिटर वाचतं. तितकीच उडी पुढे मारून २० वरून २८ वर गेलात तर जेमतेम १७०. ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये हाच घोळ मांडला होता, गॅलनच्या हिशेबात. तेव्हा हायब्रिड किती देते यापेक्षा, ती नसती घेतली तर तुम्ही काय घेतलं असतं, हा प्रश्न मोठा. १८ देणारी छोटी गाडी घेणार होतात आणि हायब्रिडच्या मोहाने मोठी घेतलीत, तर वर्षाला ६७ लिटर वाचलं. तोच ३,००० लिटरचा फरक धरला तरी वसुलीला पंचेचाळीस वर्षं. नातवाला चावी द्यावी लागेल.

आणि इथेच माझ्या लेखात चूक होती, जी तुम्ही नाही तर मेहुण्यांनी दाखवली. मी हायब्रिडची तुलना पेट्रोलच्या बेसिक मॉडेलशी केली होती. बऱ्याचदा हायब्रिड फक्त वरच्या मॉडेलमध्ये मिळते, तेव्हा किमतीतल्या फरकात चांगल्या सीट, कॅमेरे, जास्तीच्या एअरबॅग हे सगळं आलं. वरचंच मॉडेल घ्यायचं ठरलं असेल तर खरा फरक पुष्कळ कमी निघतो. बेसिकवर भागणार असेल तर मात्र सगळा फरक हायब्रिडच्याच नावावर मांडा.

विकतानाचा भाव. हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा आणि तो मी सपशेल मान्य करतो. जादा दिलेले ३,००० लिटर मी बुडीत खात्यात टाकले होते, तसं नसतं. पाच वर्षांनी गाडी विकली आणि त्या फरकाचे ४० टक्के परत आले, तर १,२०० लिटर हातात पडले. वसूल करायचे राहिले १,८००, आणि शहरात पाच वर्षांत वाचलं २,०००. म्हणजे तुम्ही २०० लिटर पुढे. माझा लेख इथे उताणा पडतो.

फक्त एक प्रश्न, गाडी रोख घेतलीत की हप्त्यावर? नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज असेल तर त्या ३,००० लिटरवर व्याजच सव्वासातशे लिटरच्या वर जातं. मग १,८०० चे २,५०० होतात आणि २,००० ची बचत पुन्हा तोकडी पडते. फिटायला वर्षाला पंधरा-सोळा हजार शहरी किलोमीटर हवेत. रोख दिलेत तरी ते पैसे कुठेतरी व्याज कमावत बसले असते. विमाही गाडीच्या किमतीबरोबर चढतो. ही व्याजाची ओळ शोरूममधल्या कागदावर मी कधीच पाहिली नाही.

क्लच-ब्रेकबद्दल तुमचं बरोबर आहे. टोयोटाच्या पद्धतीत क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, आणि पॅड कमी झिजतात. पण ही बचत वर्षाला नाही, कधीतरी एकदा दिसते. बॅटरीची भीती मी लेखात जरा जास्तच घातली होती, तीही मागे घेतो. ती पूर्ण इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीच्या मानाने चिमुकली असते, एक-दीड युनिटची, आणि गाडी तिला कधी पूर्ण भरू देत नाही की पूर्ण रिकामी होऊ देत नाही, म्हणून टिकते. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटजवळ तिला हवा घेण्याची जाळी असते, तिच्यावर पिशव्या टाकू नका आणि तिची गाळणी वेळच्या वेळी साफ करून घ्या. आम्हाला दगा दिला तो भलत्याच बॅटरीने. गाडी काही दिवस उभी राहिली आणि साधी १२ व्होल्टची बसली. मोठी बॅटरी धडधाकट, पण गाडी ढिम्म. जंप केबल घेऊन शेजारी आले तेव्हा हलली.

‘माइल्ड’ हायब्रिड या हिशेबात धरू नका. ती दुधाची तहान ताकावर भागवते, नुसत्या मोटरवर चालत नाही. प्लग-इनची, म्हणजे बाहेरून चार्ज करायच्या हायब्रिडची, तऱ्हा वेगळीच. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरचे आकडे मांडले, तेव्हा प्लग-इन गाड्यांचं उत्सर्जन अधिकृत आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. मुख्य कारण हेच की लोक गाडी अपेक्षेइतकी चार्जच करत नाहीत.

राहिला सनरूफ. तुलना छान आहे, मला हसू आलं. पण सनरूफ घेणारा ‘पैसे वाचवायला घेतला’ असं म्हणत नाही ना! सिग्नलवर पसरणारी ती शांतता, एंजिन बंद असूनही चालू राहणारा एसी, हे मलाही त्या पंधरा दिवसांत फार आवडलं. तेवढ्यासाठी घेतली म्हणा, मी लगेच गप्प बसतो.

लेखातली मॉडेलची तुलना आज दुरुस्त करतोय आणि विकतानाच्या भावाची ओळ घालतोय. तुमच्याकडे तीन वर्षांच्या पंपाच्या पावत्या असतील तर टाकी-ते-टाकी आकडे पाठवा, आणि ब्रेक पॅड किती किलोमीटरला बदलले तेही. मेहुण्यांचे अजून पहिलेच आहेत, त्यामुळे माझ्या वहीत ती जागा रिकामी आहे.