“कन्सल्टिंगचा नाद सोडा” म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या इंजिनीअरिंग आणि फार्मसीच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘खान्देशातल्या पोरांनो, कन्सल्टिंगचा नाद सोडा’ अशी त्याची सुरुवात. कन्सल्टिंग म्हणजे कंपन्यांना त्यांच्या धंद्यातल्या अडचणींवर पैसे घेऊन सल्ला द्यायचं काम. म्हणणं थोडक्यात असं: मॅकिन्झी, बीसीजी, बेन या मोठ्या सल्लागार फर्म्स म्हणजे फक्त आयआयटी-आयआयएमवाल्यांचा खेळ. पहिली दोन-तीन वर्षं पाइप कंपनीत, शाळेत किंवा एमआर (औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी) म्हणून काढली असतील तर ती पाण्यात गेली. केस इंटरव्ह्यू (धंद्यातला एखादा प्रश्न सोडवायला देऊन घेतलेली मुलाखत) म्हणजे पाठांतर, आणि ते महागड्या क्लासशिवाय होत नाही. इंग्रजी फाडफाड नसेल तर पाच मिनिटांत बाहेर. घर गहाण ठेवून एमबीए केलंत तरच काही आशा. आणि आपल्या मातीतला अनुभव मुंबईत कवडीमोल.

मी धुळ्यात एमआर होतो आणि आता याच धंद्यात आहे, म्हणून लिहितोय. मेसेजमधलं सगळंच खोटं नाही. पण जे खरं आहे ते भलत्याच ठिकाणी चिकटवलंय. त्यामुळे पोरं नको तिथे घाबरतात आणि घाबरायचं तिथे बिनधास्त राहतात.

“फक्त आयआयटी-आयआयएमवाल्यांचा खेळ”

मोठ्या फर्म्सची बहुतेक भरती मोजक्या कॅम्पसवरूनच होते, हे मान्य. शॉर्टलिस्ट लावताना दहावी-बारावीचे मार्कही बघतात, आणि बारावी जेमतेम काढलेल्याला तिथे घाम फुटतो. ते मार्क आता काही बदलत नाहीत. हे झाकून ‘तीन महिन्यांत कन्सल्टंट व्हा’ म्हणणारे व्हिडिओ या मेसेजपेक्षा जास्त नुकसान करतात, असं माझं मत आहे.

पण या कामाला ठरावीक पदवीच लागते, हे कुठून काढलं? 1926 मध्ये मॅकिन्झी सुरू करणारे जेम्स मॅकिन्झी हे अकाउंटिंगचे प्राध्यापक. 1963 मध्ये बीसीजी काढणारे ब्रूस हेंडरसन इंजिनीअर होते, आणि हार्वर्डचं एमबीए त्यांनी पदवी हातात पडायच्या आधीच सोडलं होतं. 1973 मध्ये बेन उभी करणारे बिल बेन इतिहासाचे पदवीधर. कन्सल्टिंगमध्ये येण्याआधी ते आपल्या विद्यापीठासाठी देणग्या गोळा करायचे. आता हा जमाना जुना झाला, आज कोणी इतक्या सहज आत घेत नाही. तरीही डॉक्टर, पीएचडी झालेले, वकील अशांना या फर्म्स आजही एमबीएशिवाय घेतात.

शिवाय तीन नावांपलीकडे जग आहे. डेलॉइट, ईवाय, केपीएमजी, पीडब्ल्यूसी यांच्या सल्लागार शाखा आहेत, एकाच उद्योगात मुरलेल्या फर्म्स आहेत, मोठ्या कंपन्यांच्या आत स्ट्रॅटेजीच्या टीम आहेत. सरकारी बाजूला मुख्यमंत्री फेलोशिप आहे, तिच्यात तरुणांना राज्य सरकारसोबत काम करता येतं. तिची वयाची अट 21 ते 26 आणि निदान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. नंदुरबार 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित (म्हणजे विकासात मागे राहिलेल्या) जिल्ह्यांच्या यादीत आहे, आणि तिथलं कुपोषण किंवा शाळागळती आकड्यांत कशी मोजायची हा प्रश्न मुंबईतल्या कुठल्याही बोर्डरूममधल्या प्रश्नाइतकाच अवघड आहे. एमआरची नोकरी सोडली आणि थेट बेनमध्ये, असं सहसा होत नाही. मध्ये एक-दोन पायऱ्या लागतात. मेसेज लिहिणाऱ्याला त्या दिसलेल्याच नाहीत.

“आधीची वर्षं पाण्यात”

हा सगळ्यात चुकीचा मुद्दा, म्हणून इथे जरा सविस्तर.

एमआरला पहिल्या काही महिन्यांतच एक गोष्ट कळते: कंपनीने स्टॉकिस्टला (ठोक विक्रेत्याला) विकलेला माल म्हणजे प्रायमरी, स्टॉकिस्टकडून मेडिकलवाल्यांकडे गेलेला तो सेकंडरी. 28-29 तारीख आली की मॅनेजरचा फोन येतो, “टार्गेट राहिलंय, काहीतरी कर भाऊ.” मग स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारला जातो. प्रायमरीचा आकडा फुगतो, सेकंडरी तिथेच, आणि दोन महिन्यांनी एक्स्पायरीचे खोके परत. वरच्या ऑफिसात मात्र आलेख चढताच दिसत असतो.

हे ज्याने आतून पाहिलंय, त्याला “विक्री वाढतेय पण पैसा का दिसत नाही?” या प्रश्नाची अर्धी उकल आधीच माहीत असते. आणि हा निव्वळ गल्लीतला किस्सा नाही. कुठल्या भागात किती प्रतिनिधी हवेत, कोणी कुठल्या डॉक्टरकडे किती वेळा जावं, या प्रश्नांवर अख्ख्या फर्म्स चालतात. अँड्रिस झोल्टनर्स आणि प्रभाकांत सिन्हा या दोन प्राध्यापकांनी 1983 मध्ये झेडएस नावाची फर्म अमेरिकेत काढली ती विक्रीच्या फौजेच्या अशाच हिशेबांवर. आज तिचं मोठं ऑफिस पुण्यात आहे. साक्री-पिंपळनेर लाइनवर मोटरसायकल झिजवलेल्या माणसाला हा विषय नव्याने शिकवावा लागत नाही.

मग अडतं कुठे? सीव्हीवर. ओळखीतल्या एका मुलीच्या सीव्हीत पहिली ओळ होती: ‘धुळे, साक्री, शिरपूर भागात कंपनीच्या उत्पादनांच्या विक्रीची जबाबदारी सांभाळली.’ यातून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. तिच्याशी तासभर बोलल्यावर जे निघालं ते असं (आकडे मी बदललेत): ‘यादीतल्या 150 डॉक्टरांपैकी 30 जणांकडून निम्मी विक्री येते हे सेकंडरीच्या नोंदींवरून शोधलं, भेटींचं वेळापत्रक त्यानुसार बदललं, तीन तिमाहींत सेकंडरी 22 टक्क्यांनी वाढली.’ काम तेच, पण आधीच्या ओळीत ते दिसतच नव्हतं. आपल्याकडे स्वतःच्या कामाबद्दल असं बोलणं म्हणजे शायनिंग मारणं समजतात, आणि त्यात चांगल्या चांगल्या पोरांचं नुकसान होतं.

पाइप कंपनीत शिफ्ट बघितलेल्याला मशीन किती वेळ बंद होतं आणि भंगार किती टक्के निघालं हे तोंडपाठ असतं. शाळेत शिकवलेल्याला वर्गातली निम्मी पोरं कुठे अडतात हे ठाऊक असतं. तेच लिहायचं, आकड्यासकट. आणि तुम्ही खरंच काही न मोजता, काही न बदलता तीन वर्षं हजेरीच लावली असेल, तर ती वर्षं पाण्यात गेली हे कबूल. पण ती पुण्याच्या आयटी पार्कातही तशीच गेली असती.

“केस इंटरव्ह्यू म्हणजे पाठांतर”

पाठांतरानेच तर पोरं पडतात. केस काय असते ते आपल्याच मालावर बघू. मुलाखत घेणारा म्हणतो, “सावद्याच्या एका व्यापाऱ्याचं केळीचं रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायची खोली आहे. महिन्याचा नफा 80 हजारांवरून 20 हजारांवर आलाय. का?”

घोकून आलेला लगेच कागदावर चौकटी काढतो: ग्राहक, स्पर्धक, ब्रँड, मार्केटिंग. डोकं चालवणारा आधी विचारतो की चेंबर किती टनांचं, लॉट पिकायला किती दिवस लागतात, महिन्यात किती लॉट निघतात.

समजा, चेंबर 10 टनांचं आहे. एथिलीन देऊन 16 ते 18 अंशांत माल पिकायला चार-पाच दिवस, म्हणजे महिन्याला सहा लॉट, 60 टन. घट, हमाली, मालागणिक लागणारी वीज वजा जाता किलोमागे 3 रुपये सुटतात असं धरू. झाले 1 लाख 80 हजार. कर्जाचा हप्ता, पगार आणि बाकी बांधील खर्च 1 लाख. उरले 80 हजार. आता लॉट सहाचे चार झाले तर 40 टन, 1 लाख 20 हजार. बांधील खर्चाचा लाख तसाच, उरले 20 हजार. माल एक तृतीयांश घटला आणि नफा तीन चतुर्थांश गेला. भावाला, ब्रँडला हातही न लावता उत्तराचा मोठा भाग सापडला.

खरी मजा पुढे आहे. लॉट चारच का? कच्चा माल मिळेना की पिकलेला उठेना? कच्चा मिळत नसेल तर बागांवर रोग आहे का? 2020 मध्ये रावेर-यावलकडे सीएमव्ही या विषाणूच्या रोगाने केळीची झाडं उपटायची वेळ आली होती. की चांगला माल निर्यातीला जातोय आणि स्थानिक चेंबरला उरलेला मिळतोय? माल उठत नसेल तर तुलना कुठल्या महिन्यांची चाललीय? श्रावण, नवरात्र, रमजान या दिवसांतली मागणी वेगळी असते. गेल्या वर्षीचा रमजानचा महिना यंदाच्या रिकाम्या महिन्यासमोर ठेवला तर नफा पडलेलाच दिसणार. हा शेवटचा प्रश्न दिल्लीत वाढलेल्या पोराला सुचायला वेळ लागेल. रावेरच्या पोराला तो पहिल्यांदा सुचायला हवा, पण तो “फ्रेमवर्कमध्ये”, म्हणजे घोकलेल्या चौकटींत, “बसत नाही” म्हणून गप्प राहतो!

मुलाखतीत कॅल्क्युलेटर मिळत नाही, हे खरं. बापाच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसलेल्यांना त्याची भीती वाटू नये.

“इंग्रजी फाडफाड हवं”

फाडफाड नको, सरळ हवं. मुलाखत इंग्रजीत असते आणि पुढे क्लायंटला मेलही इंग्रजीतच जातात, त्यामुळे वाचणं-लिहिणं पक्कं करावंच लागेल, तिथे सूट नाही. पण उच्चारात खान्देशी हेल आला म्हणून कोणी मार्क कापत नाही. मार्क जातात ते आपल्या सांगण्याच्या तऱ्हेमुळे. आपल्याला गोष्ट पहिल्यापासून सांगायची सवय: गाडी भुसावळला किती लेट झाली इथपासून सुरू करून लग्नात काय झालं ते शेवटी. कन्सल्टिंगमध्ये उत्तर आधी आणि कारणं मागून. हा सराव मराठीतही करता येतो. घरी ट्रॅक्टर घ्यायचा की भाड्याने लावायचा यावर बाबांना पहिल्या वाक्यात निर्णय आणि मग तीन कारणं सांगून बघा. (पहिल्यांदा बोलणी बसतील.)

“घर गहाण ठेवून एमबीए केलं तरच”

एमबीए हा सगळ्यात मळलेला रस्ता आहे, यात वाद नाही. पण तो महाग आहे. जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी 25 लाखांच्या आसपास जाते. आणि पदवी मिळाली म्हणजे कन्सल्टिंग मिळालं असंही नाही. 2023 मध्ये मंदीची चाहूल लागताच अनेक मोठ्या फर्म्सनी निवड झालेल्यांचीही रुजू व्हायची तारीख पुढे ढकलली. कॉलेज कुठलं याला इथे फार महत्त्व आहे. कोपऱ्यावरच्या कुठल्याही एमबीएसाठी तेवढं कर्ज काढणार असाल तर मीही म्हणेन, नाद सोडा.

गंमत म्हणजे मेसेज ज्या वर्षांना पाण्यात गेलेली म्हणतो, त्यांच्याशिवाय आयएसबी या नावाजलेल्या बिझनेस स्कूलच्या एका वर्षाच्या मुख्य कोर्सला अर्जच करता येत नाही. तिथे निदान दोन वर्षांची नोकरी मागतात.

“आपल्या मातीतला अनुभव कवडीमोल”

विप्रो 1945 मध्ये अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. 1966 मध्ये वडील गेल्यावर एकविसाव्या वर्षी अझीम प्रेमजींनी ती हातात घेतली आणि पुढे तुपावरून संगणकावर नेली. जैन इरिगेशनचे भवरलाल जैन वाकोदचे, शिक्षण कॉमर्स आणि कायद्याचं. 1978 मध्ये त्यांनी केळीच्या पावडरीचा कारखाना घेतला आणि त्यात पपईपासून पपेन हे एन्झाइम बनवायला लागले, मग 1980 मध्ये पीव्हीसी पाइप. हातातली यंत्रणा दुसऱ्या कशाला वापरता येईल, हा स्ट्रॅटेजीचाच प्रश्न आहे, आणि तो जळगावात सुटलाय. मुलाखतीत “तुमच्या गावाकडच्या एखाद्या धंद्याबद्दल सांगा” म्हटल्यावर टेस्लाचं उदाहरण देणाऱ्या खान्देशी पोराला काय म्हणावं?

मेसेजच्या तळाशी बँक परीक्षांच्या एका क्लासचा नंबर आहे, तो बहुतेकांनी शेवटपर्यंत स्क्रोल न केल्यामुळे पाहिलेला नाही. बँकेची परीक्षा जरूर द्या, चांगली नोकरी आहे. पण केसच्या सरावासाठी कुठल्याच क्लासला पैसे भरायची गरज नाही. मॅकिन्झी, बीसीजी, बेन तिघांच्याही वेबसाइटवर भरतीच्या पानांवर नमुन्याच्या केस फुकट आहेत, आयआयएमच्या कन्सल्टिंग क्लबांची केसबुकंही (सरावाच्या केसचे संग्रह) फिरत असतात. एकट्याने वाचून फार फरक पडत नाही, समोर “का?” विचारणारं कोणीतरी लागतं. एक भुसावळचा आणि एक शिरपूरची, असे दोघांनी रात्री व्हिडिओ कॉलवर आलटून पालटून केस घेतल्या तरी भागतं.