टक्के वर गेले, चुका कुठे गेल्या?

ऑनलाइन वाचन चाचणीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण मागच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, मी दोन प्रश्न विचारले तर मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडमना मोबाईलचा कंटाळा आलेला दिसतो." कंटाळा मोबाईलचा नाही हो. चाचणी झाली की वर्गाचे टक्के तेवढे वर, अधिकाऱ्यांकडे जातात. मुलांनी केलेल्या चुका वरही जात नाहीत आणि माझ्याकडे परतही येत नाहीत. कंटाळा त्याचा आहे.

मी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिसरी-चौथी एकाच खोलीत. निम्मी मुलं घरी अहिराणी बोलतात, बरीचशी पावरी, थोडी गुजरी. प्रमाण मराठी पाठ्यपुस्तकात असते, टीव्हीवर असते आणि माझ्या तोंडी असते. माझ्या तोंडी तीही दुपारच्या सुट्टीपर्यंतच टिकते.

चाचणी कशी चालते ते पालकांसाठी सांगते. स्क्रीनवर छोटा उतारा येतो, मूल मोठ्याने वाचतं, मोबाईल ऐकतो. ऐकलेलं अक्षरांत उतरवून मूळ उताऱ्याशी शब्दाला शब्द लावून बघतो. जुळला तर हिरवा, नाही जुळला तर लाल. मिनिटाला बरोबर शब्द किती ते मोजतो. शेवटी तीन-चार प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. मग एक पट्टी झळकते, की हे मूल अमुक स्तरावर. सगळं दोन-तीन मिनिटांत. एकेका मुलाला जवळ बसवून कागद-पेन्सिलीने हेच करायचं तर माझा आठवडा जातो. म्हणजे सोय मोठी आहे.

आता हे बघा. उताऱ्यात ओळ होती, "आभाळात काळे ढग आले." आमच्या पोराने खणखणीत आवाजात वाचलं, "आभायात काये ढग उनात."

चार शब्दांपैकी तीन लाल.

पोरगं माझ्याकडे बघून म्हणतं, "मॅडम, याले मनं बोलनं समजस नही." खरं होतं त्याचं. खान्देशात 'ळ'चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी. त्याला 'ळ' हे अक्षर पक्कं ओळखता येतं, फळ्यावर लिहूनही दाखवतो. तोंडातून घरचा उच्चार येतो, इतकंच. आणि 'उनात'चं काय? अहिराणीत 'उनात' म्हणजे 'आले'. अक्षरं 'आले' अशी दिसत असताना तोंडून 'उनात' निघालं, ते अर्थ पोचल्याशिवाय निघेल का? वाक्य समजल्याची ही सगळ्यात भारी खूण होती आणि तीच लाल झाली. मशीनने काम चोख केलं, त्याला जे सांगितलं तेच त्याने केलं. वाचनातली चूक वेगळी आणि उच्चारातला फरक वेगळा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

केनेथ गुडमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६०च्या दशकातच म्हटलं होतं की मूल वाचताना जिथे चुकतं तिथे नुसती फुली मारू नका, चूक कोणत्या जातीची आहे ते बघा. त्यांच्या बाकीच्या मतांवर पुढे जोरदार टीका झाली, आणि ती बरीचशी योग्यच होती. पण चुका वाचायची ही सवय मात्र उचलण्यासारखी आहे.

याच वर्गातली दोन मुलं सांगते. एक पोरगा, बाप केळीच्या बागेत सालदार. चाचणीत स्तर खालचा, शेरा 'मदतीची गरज'. दुसरी एक पोरगी, पाड्यावरून येते, घरी पावरी. ती वाचते धडाधड, कुठे अडखळणं नाही. स्तर वरचा, शेजारी हिरवी खूण.

दोघांचं रेकॉर्डिंग मी कानाला लावून ऐकलं. (या ॲपमध्ये ते काही दिवस मोबाईलवर राहतं, हे आमच्या निम्म्या लोकांना माहीतच नाही.) पोरगा साधे शब्द नीट वाचत होता. काना, मात्रा, उकार सगळं जागेवर. अडत होता तो फक्त 'सूर्य', 'वर्ग', 'गर्दी' अशा ठिकाणी. प्रत्येक रफाराला थांबायचा, मागे जायचा, 'सूय' म्हणायचा, परत बघायचा. वेळ सगळा तिथे जात होता आणि मिनिटाचे शब्द घसरत होते. रफार हा मुळातच खोडकर. डोक्यावर बसतो पुढच्या अक्षराच्या, आणि म्हणायचा मात्र त्या अक्षराच्या आधी. पहिल्या वेलांटीचं याच्या उलट, दिसते आधी आणि बोलायची नंतर. मोठ्यांना हे दिसेनासं झालेलं असतं.

या मुलाला 'वाचनात कच्चा' म्हणणं म्हणजे गाडीचा एक स्क्रू ढिला म्हणून गाडी भंगारात काढणं. रोज दुपारनंतर दहा मिनिटं फक्त रफार घेतला. टॉर्च, चार्जर, मार्केट, बर्फ, मोर्चा. सगळे त्याच्या ओळखीचे शब्द. गाडी पळायला लागली.

आणि ती हिरवी पोरगी? तिला मी तोच उतारा परत वाचायला लावला, मोबाईल बाजूला ठेवून विचारलं, गोष्टीत म्हातारी का रडली? तिने म्हातारीचं नाव असलेला परिच्छेद मला जसाच्या तसा वाचून दाखवला. पुन्हा विचारलं, पुन्हा वाचून दाखवला, आणि हसली. अक्षरं सगळी येतात, अर्थ जवळजवळ नाही. मग चाचणीतले प्रश्न तिने सोडवले कसे? चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारात एकदा बरोबर येतंच. शिवाय प्रश्नातला शब्द उताऱ्यात ज्या ओळीत आहे तीच ओळ पर्यायात शोधायची, ही युक्ती पोरांना कुणी शिकवावी लागत नाही.

हे गणित नवीन नाही. १९८६ साली गफ आणि टनमर या वाचनाच्या दोन अभ्यासकांनी मांडलं की समजून वाचणं हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे. एक, अक्षरांवरून शब्द उलगडता येणं. दोन, ती भाषा ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य तर सगळं शून्य. पोऱ्याची पहिली बाजू एका ठिकाणी अडली होती, पोरीची दुसरी बाजू रिकामी होती. दोघांचे इलाज पार वेगळे. पोरीला आणखी वाचन सराव देऊन काही होणार नव्हतं. तिला गोष्ट ऐकायला हवी, चित्रावर बोलायला हवं, पावरीत सांगायला आणि मग मराठीत सांगायला हवं. आणि पट्टीवर बघाल तर तिच्यासाठी काहीच करायची गरज नाही, ती हिरवी आहे.

यावर उपाय अवघड नाही. उतारा वाचायला देण्याआधी त्याच तोलामोलाचा दुसरा उतारा मुलाला ऐकवायचा आणि त्यावर प्रश्न विचारायचे. ऐकून कळतं पण वाचून कळत नाही, तर घोडं अक्षरांत अडलंय. ऐकूनही कळत नाही, तर भाषेत. लहान इयत्तांचं वाचन तपासायला जगभर वापरल्या जाणाऱ्या ईजीआरए या चाचणीत असा ऐकण्याचा भाग असतो. निरर्थक शब्दांचाही असतो, म्हणजे मूल खरंच अक्षरं जोडतंय की शब्दाचं तोंड बघून ठोकून देतंय ते कळतं. मी एकदा फळ्यावर असे शब्द लिहिले तर सगळा वर्ग खो खो हसला आणि एकजण गंभीरपणे विचारता झाला, "मॅडम, याना अर्थ काय शे?" अर्थ शोधणारं पोर आहे, मला आनंदच झाला.

आपल्याकडे गोंधळ असा होतो की मोजणीची चाचणी आणि निदानाची चाचणी एकच समजली जाते. २००५ पासून 'प्रथम' संस्थेचं 'असर' हे सर्वेक्षण होतं, त्यात अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे टप्पे असतात. एक कागद, गावात घरोघरी, झटपट. जिल्ह्यात किती मुलं कुठे आहेत हे कळायला ते उत्तम. 'हे मूल का अडलं' हे सांगायला ते बनवलेलंच नाही, आणि तसा दावाही कुणी करत नाही. २०२२ मध्ये एनसीईआरटीने तिसरीच्या मुलांचा पायाभूत अभ्यास केला तोही एकेका मुलाला समोर बसवून, २० भाषांत. तोही मोजणीसाठीच. आता आपण तीच मोजपट्टी मोबाईलवर आणली आणि तिच्याकडून डॉक्टरकी करून घ्यायला निघालो.

'निपुण भारत' हे केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान २०२१ च्या जुलैत सुरू झालं. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत हे त्यातलं लक्ष्य. आमच्या बैठकांत '६०' सगळ्यांच्या तोंडी असतं, 'समजून' कुणाच्याच नसतं. त्यातही मराठीचं आपलं एक दुखणं आहे. हिंदीत 'किसानों ने भी' हे तीन शब्द मोजले जातात, आपलं 'शेतकऱ्यांनीसुद्धा' एकच. वर त्यात 'ऱ्या' आणि 'द्धा' दोन्ही. दोन्हीकडे ६० म्हणजे सारखं ६० होतं का?

शहरातली तऱ्हा निराळीच. माझ्या नणंदेचा मुलगा जळगावात इंग्रजी माध्यमात आहे. रात्री मोबाईलवर जाहिरात आली, 'तुमच्या मुलाची वाचन पातळी मोफत तपासा.' तपासली. अहवाल आला, दोन इयत्ता मागे. सकाळी चहाच्या आत फोन, ताई, आमचा सहा महिन्यांचा कोर्स आहे. नणंद रडवेली. मी तो उतारा मागवून घेतला. अंगणात बर्फाचा माणूस बनवणाऱ्या भावंडांची गोष्ट. आमच्या भाच्याने बर्फ पाहिलाय तो गोळेवाल्याच्या गाडीवर. अशा बऱ्याच चाचण्यांतली 'इयत्ता' ही अमेरिकेतल्या मुलांच्या सरासरीवरून ठरलेली असते. बहुतेक घरी इंग्रजीच बोलणाऱ्या मुलांच्या. जळगावच्या मे महिन्यात वाढलेल्या पोराला त्या मापात बसवायचं आणि आईला घाबरवायचं, हा धंदा आहे. वहिनी म्हणून मी नणंदेला सांगितलं, कोर्स घेऊ नको. रोज रात्री त्याला काहीतरी वाचून दाखव आणि मध्येच थांबून विचार, आता पुढे काय होईल?

अडचणींचं पुराण फार लावत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. मोबाईल माझाच, डेटा माझाच. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की मशीनला पावसाशिवाय काही ऐकू येत नाही. शेजारच्या खोलीत पाढे चालू असले की वाचणाऱ्या मुलाच्या नावावर 'पाच सत्ते पस्तीस' जमा. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणीकडच्या माझ्या मैत्रिणीला तर रेंजसाठी टेकडीवर जाऊन माहिती भरावी लागते. तिच्याकडची मुलं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला परततात. पावसाळ्यात घेतलेला स्तर मार्चमध्ये त्याच मुलाचा म्हणून दाखवणं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

तरीही मला ही चाचणी हवी आहे. वर्गात कुणाकडे आधी बघायचं हे ती पटकन सांगते. गप्प बसणारी, मागे लपणारी मुलं त्यामुळे समोर येतात. काही मुलं माणसासमोर वाचायला लाजतात आणि मोबाईलसमोर मोकळी होतात, हेही मी पाहिलंय. मागणं एवढंच आहे की चाचणीतून जे बाहेर पडतं ते शिक्षकाच्या हातात पूर्ण यावं. नुसता स्तर नको. कोणते शब्द चुकले, ते मूळाक्षरात, मात्रेत, जोडाक्षरात की रफारात, हे वेगवेगळं दिसावं. आवाज परत ऐकता यावा, आणि कामापुरता वापरून पुसलाही जावा, कारण तो लेकराचा आवाज आहे आणि आईबापाला विचारल्याशिवाय तो कुठे साठवून ठेवायचा नाही. 'आभाय' म्हणणाऱ्याला लाल करायचं की नाही, हे मला बोट लावून बदलता यावं. हे सगळं बनवणाऱ्यांना अशक्य नाही. आवाज त्यांच्याकडे आहेच, चुकाही त्यांच्याकडे नोंदलेल्या आहेतच. आपल्यापर्यंत फक्त शेवटची बेरीज येते.

केंद्रप्रमुख सरांशी बोलले. ते म्हणाले, लेखी द्या, वर पाठवतो. तर मी यादी करायला घेतली आहे. मुलाने अक्षर बरोबर ओळखलं पण घरच्या बोलीत उच्चारलं, असे शब्द. अहिराणीचे माझ्याकडे बरेच जमलेत. पावरी, मावची, भिली आणि रावेर-यावलकडच्या लेवा बोलीचे मला हवे आहेत. नवापूर, तळोदा, शिरपूर, साक्री, मुक्ताईनगर, जिथे कुठे शिकवत असाल तिथले चार-पाच शब्द कमेंटमध्ये टाका, पुस्तकातला शब्द आधी आणि मुलाने वाचलेला नंतर. मुलाचं नाव, शाळेचं नाव लिहू नका. पुढच्या शिक्षण परिषदेच्या आधी मला हे द्यायचं आहे.