मोसुल पडलं ते कागदावरच्या फौजेमुळे

‘विमानहल्ल्यांनी आयसिस संपवली’ हे तुमच्या आयसिसवरच्या (इराक-सीरियातली ती दहशतवादी संघटना) लेखातलं वाक्य काही पटलं नाही. विमानं नंतर आली हो. मुळात ही पैदास कुठून झाली? 2003 च्या मे महिन्यात अमेरिकेने नेमलेले इराकचे प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका हुकमासरशी इराकचं सैन्यच बरखास्त केलं. लाखो प्रशिक्षित माणसं बेकार, तीही अपमान गिळून. त्यातलेच काही अधिकारी पुढे आयसिसचा म्होरक्या बगदादी याच्या फौजेचे मेंदू झाले. बगदादी स्वतः 2004 मध्ये अमेरिकेच्याच इराकमधल्या कॅम्प बुक्का या तुरुंगछावणीत कैदेत होता, आणि सुटला!

जून 2014 मध्ये इराकचं मोसुल शहर चार-पाच दिवसांत आयसिसच्या हाती पडलं. रक्षणाला फौज होती, पण बरीचशी हजेरीपटावर. त्याच वर्षी पुढे इराकचे तेव्हाचे पंतप्रधान अबादींनी 50,000 ‘भुताटकी’ सैनिक सापडल्याचं सांगितलं. माणूस नाही, पगार मात्र चालू. (आपल्याकडच्या बोगस मस्टरची आठवण झाली.)

तेच शहर परत घ्यायला ऑक्टोबर 2016 ते जुलै 2017, नऊ महिने लागले. गल्लीगल्लीत लढले ते इराकी जवान. जुनं मोसुल मातीला मिळालं. तिथे अडकलेल्या आपल्या 39 मजुरांचा मृत्यू तर 2018 मध्ये संसदेत जाहीर झाला. लेखात त्यांचा उल्लेखही नसावा?