कीस्टोनचे बटण आणि गोलाईचा पडदा : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘वेंगुर्ल्याचा वाचक’ अशी सही करणारे महोदय,

मालवणच्या एका छोट्या दालनातील वक्र पडद्यावर त्रिमितीय चित्रफीत दाखवताना डाव्या आणि उजव्या डोळ्याच्या प्रोजेक्टरसाठी दोन स्वतंत्र वॉर्पिंगच्या जाळ्या, म्हणजे पडद्याच्या गोलाईनुसार चित्र आधीच वाकवून ठेवणारे नकाशे, का कराव्या लागल्या, हे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपण लिहिता : “प्रोजेक्टरच्या कीस्टोनच्या बटणाने पाच मिनिटांत होणारे काम, पण लेखकाला गणित मिरवायचे आहे.” मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्याने लेख शेवटपर्यंत वाचला आहे त्याच्या हातून ‘मिरवायचे’ हे क्रियापद सहसा उतरत नाही, एवढे नोंदवून पुढे जातो.

कीस्टोन तिरपे पडलेले चौकोनी चित्र पुन्हा चौकोनी करतो. मात्र त्यात सरळ रेषा सरळच राहते. सपाट पडद्यावर तेवढे पुरते. गोलाईच्या पडद्यावर रेषा सरळ दिसावी म्हणून प्रोजेक्टरच्या चित्रात ती आधीच उलट्या बाजूस वाकवावी लागते, आणि हे त्या बटणाच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते पाच मिनिटे दाबा किंवा शिमग्यापासून गणपतीपर्यंत दाबत बसा.

मिरवण्याचा आरोप झालाच आहे, तर आकडेही पाहू. पडद्याची त्रिज्या 3 मीटर आहे आणि दोन प्रोजेक्टर एकावर एक, बरोबर वक्रतेच्या अक्षावर, म्हणजे पडदा ज्या उभ्या रेषेभोवती गोल वळतो तिच्यावर, टांगले आहेत, असे धरा. एकाची लेन्स चित्रातल्या क्षितिजरेषेच्या 53 सेंटिमीटर वर आहे, दुसऱ्याची 69. दोघांची क्षितिजरेषा पडद्याच्या मध्यभागी अचूक जुळवली, तरी वरून येणाऱ्या किरणांमुळे ती कडांकडे वर चढते : मध्यापासून 45 अंशांवर पहिल्याची सुमारे 15.5 सेंटिमीटर, तर दुसऱ्याची सुमारे 20 सेंटिमीटर. एकाच डोळ्यासाठी हा नुसता बाक आहे आणि समुद्राचे क्षितिज थोडे झोळ पडलेले दिसले तरी प्रेक्षक एक वेळ चालवून घेईल. दोन डोळ्यांसाठी मात्र तो जवळपास 5 सेंटिमीटरचा उभा फरक ठरतो, आणि आपल्या दोन डोळ्यांतले अंतरच सरासरी सव्वासहा ते साडेसहा सेंटिमीटर असते. डोळे आडव्या फरकातून खोली ओळखतात. उभा फरक त्यांना फारसा सोसत नाही, आणि चित्र फाटलेले दिसते किंवा प्रेक्षक डोके धरून बाहेर येतो. म्हणूनच प्रत्येक प्रोजेक्टरचा किरण पडद्याला नेमका कोठे लागतो ते काढून त्याची जाळी त्याच्यापुरती स्वतंत्र बांधावी लागते.

आपण “प्रत्यक्ष अनुभव” मागितला आहे. माझे वडील जत्रांमध्ये तंबूतला सिनेमा चालवत. खारा वारा सुटला की पडदा पोटाशी फुगे आणि नायकाचा चेहरा रुंद होई. तो पडदा दोरांनी ताणण्याचे काम माझ्याकडे असे. वक्र पृष्ठभागावर चित्राचे काय होते, हे मी संगणकाला हात लावण्यापूर्वी पाहिलेले आहे. आपणही कधी असा दोर ओढला असल्यास जरूर कळवावे.

वॉर्पिंगमध्ये पिक्सेल नव्याने मोजले जात असल्याने चित्र किंचित मऊ होते, हे आपले म्हणणे रास्त आहे आणि ते मी मान्य करतो. भिंतीला साधा पांढरा रंग पुरेल, ही सूचना मात्र ध्रुवीकरणाच्या, म्हणजे प्रकाशलहरींच्या दिशेवरून दोन डोळ्यांची चित्रे वेगळी करणाऱ्या, चष्म्यांना लागू पडत नाही : साध्या रंगावरून परतताना प्रकाशाचे ध्रुवीकरण मोडते आणि दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रे दिसू लागतात. चंदेरी पडदा हौसेसाठी लावलेला नाही.

राहिला “ही दुरुस्ती एकाच आसनापुरती खरी” हा आक्षेप. तो जुना आहे. 1992 मध्ये शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाने दाखवलेल्या ‘केव्ह’ या भिंतींवर त्रिमितीय चित्रे पाडणाऱ्या खोलीमध्येही अचूक दृश्य एकाच प्रेक्षकाच्या डोक्याचा माग घेऊन काढले जात असे, आणि म्हणून कोणी ते मोडीत काढले नाही. त्यावर अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

आपण विचारलेल्या देखभालीबद्दल : पावसाळ्यात प्लायवूडचा सांगाडा दमटपणाने फुगतो, त्यामुळे गणपतीनंतर जाळी नव्याने मोजावी लागते. त्या वेळी दालनात यावे. कीस्टोनचे बटण दोन्ही प्रोजेक्टरांवर आहे. ते मी आपल्यासाठी मोकळे ठेवीन.